बार उडाल्यावर दोन घंटे

विद्यापीठातल्या माझ्या खोलीला सगळे काळकोठडी म्हणत. भर उन्हाळ्यात खिडक्यांना काळा कागद चिकटवून, दार लावून, आत एकटाच बसणारा माणूस म्हणजे एक तर फरार गुन्हेगार नाही तर पीएचडीवाला, असं आमच्या विभागाचा शिपाई म्हणायचा. मी पीएचडीवाला होतो. विषय होता टेराहर्ट्झ लहरींनी घातक वायू ओळखणे. लग्नाकार्यात कोणी विचारलं की पहिल्या वर्षी मी हे सगळं समजावून सांगायचो, आणि समोरचा शेवटी म्हणायचा, "बरं बरं, अन् नोकरी कधी लागन?" दुसऱ्या वर्षी मी नुसतं "गॅसचं काम आहे" म्हणायला लागलो, तर एका मावशीनं मला आत नेऊन शेगडीचा बर्नर दाखवला. तिसऱ्या वर्षी मी लग्नांना जाणंच बंद केलं.

तसं त्यात न समजण्यासारखं काही नाही. मोबाईलच्या लहरी एका बाजूला, आणि उन्हातली जी धग डोळ्याला दिसत नाही पण अंगाला कळते ती दुसऱ्या बाजूला. या दोन्हींच्या मध्ये टेराहर्ट्झ लहरी येतात. वायूचा प्रत्येक रेणू आपापल्या चालीनं गरगर फिरत असतो, आणि या लहरींतून आपल्या चालीला जुळेल तेवढाच घास गिळतो. नळीत वायू भरायचा, एका टोकाकडून लहर सोडायची, दुसऱ्या टोकाला काय उरलं ते मोजायचं. जिथं घास गेला तिथं आलेखात खड्डा पडतो. अमोनियाचे खड्डे वेगळे, कार्बन मोनॉक्साइडचे वेगळे. खड्डे ओळखले की वायू ओळखला. फक्त या पंगतीत एक हावरट बसलेला असतो, तो म्हणजे पाण्याची वाफ. ती जिथं तिथं हात मारते, आणि तिच्या खड्ड्यांत बाकीच्यांचे खड्डे बुडून जातात. म्हणून नळीत जाणारी हवा आधी कोरडी करून घ्यावी लागते.

आमचं यंत्र म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. सरांनी कुठून कुठून सुटे भाग जमवून, अर्ज करकरून ते उभं केलं होतं. लेझर तापून ताळ्यावर यायला अर्धा दिवस लागायचा, आणि तो ताळ्यावर आला की लोडशेडिंग सुरू व्हायचं. मग मी अंधारात स्टुलावर बसून राहायचो. सर सज्जन, पण कायम कुठल्या तरी समितीवर. माझ्याबरोबर लागलेले दोघे पुण्याला नोकऱ्या धरून निघून गेले. कधी कधी रविवार ते मंगळवार माझ्या तोंडून खानावळीतल्या "एक पोळी अजून"शिवाय शब्द निघत नसे. मी लेझरशी बोलायचो. त्याला शिव्या द्यायचो, खरं म्हणजे. एकटेपणाला लोक काय काय सुंदर नावं देतात, पण मला तर नुसता राग यायचा. अख्ख्या जगात मी काय करतो हे विचारणारं एक माणूस नाही, याचा राग.

बाबा बाळापूरकडे असायचे. माय मी बारावीत असताना गेली. भाऊबहीण नाही. बाबा विहिरी खोदायचे, म्हणजे त्यांची सहा-सात माणसांची टोळी होती. वरची माती आणि मुरूम संपून काळा पाषाण लागला की सुरुंग लावून बार उडवायचा, फुटलेला दगड यंत्राच्या बादलीनं वर काढायचा, पुन्हा बार. त्यांचा एक नियम होता. बार संध्याकाळी उडवायचा आणि माणूस सकाळीच उतरवायचा. सकाळी आधी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. तो जळत राहिला की पहिले बाबा स्वतः उतरणार, मग बाकीचे. बाराचा धूर डोळ्याला दिसतो, नाकाला झोंबतो, पण तो गेल्यावरही दगडाच्या ढिगात काही तरी दडून राहतं आणि माणसाला गपचूप झोपवतं, एवढं त्यांना तीस वर्षांत कळलं होतं. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड, हे त्यांना माहीत असायची गरज नव्हती.

वर उभं राहून बादलीचं यंत्र चालवायचे ते चाचा. चाचा बाळापूरचे. पावसाळ्यात त्यांचं सायकलचं दुकान, आणि उन्हाळ्यात बाबांच्या टोळीत. दोघांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. ईदला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा यायचा, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत चाचा निळा फेटा बांधून बाबांच्या खांद्याला खांदा लावून चालायचे. मला ते लहानपणापासून डाक्टरसाब म्हणत. सुईला भिणाऱ्या पोराला चिडवायला म्हणून सुरू केलं होतं. पीएचडीला लागल्यावर ते म्हणाले, "पाहा, मी बोललो होतो ना!"

ती वर्षं म्हणजे विदर्भाचं नाव रोज पेपरात यायचं ती. कशासाठी यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. मग सरकारी पॅकेजं आली आणि त्यात विहिरी आल्या. पावसाळ्याच्या आत विहीर पुरी झाली पाहिजे, नाही तर कागद परत. सगळीकडं एकच लगीनघाई. बाकीच्या टोळ्या दिवसाला दोन-दोन बार उडवायला लागल्या. बाबांची टोळी एकच उडवायची आणि रात्रभर थांबायची. वावरवाले म्हणू लागले, "तुमचं काम पक्कं हाये, पण तुमच्यानं पोळ्यापर्यंतबी विहीर होत नाही." एक-दोन कामं हातची गेली. टोळीतली माणसं कुरकुरायला लागली.

त्या मार्च महिन्यात आमच्या प्रयोगशाळेचा एसी बिघडला आणि मी आठ दिवस घरी गेलो. दुपारी बाबांचा डबा घेऊन वावरात गेलो होतो. निंबाच्या सावलीत जेवण झालं. बाबांनी तोंड धुतलं, दुपट्ट्यानं पुसलं आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "तुह्या त्या मशीनीत हवा पाह्यता येते म्हंतेत ना?"

"येते."

"मंग दुपारी बार उडोला अन् दोन घंट्यानं खाली उतरलं, तं चालते काय? हे सांगन काय ते?"

काय सांगू तुम्हाला! चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल कोणी प्रश्न विचारला होता, आणि तोही बाबांनी. ज्यांचं माझ्याशी बोलणं म्हणजे "जेवला काय? झोपला काय? कधी येशीन?" यापलीकडं कधी गेलं नव्हतं. छाती एवढी फुगली की मी मागचापुढचा विचार न करता "हाव" म्हणून मोकळा झालो.

विहिरीच्या तळाची हवा वर आणायची कशी, हा प्रश्न चाचांनी सोडवला. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर त्यांनी काढून उलटा बसवला. "हवा भरणाऱ्याले हवा ओढाले लावतो, पाह्य आता." त्या पंपाला लांब रबरी नळी जोडून ती तळापर्यंत सोडली. दुपारी बार उडाला. दोन तासांनी धूर गेला होता, वासही नव्हता. कंदील सोडला, तो छान जळत राहिला. मग चाचांनी पंपानं हवा ओढली आणि फुटबॉलच्या दोन ब्लॅडरमध्ये भरून दिली. मी ते कापडी पिशवीत जपून ठेवत होतो.

"डाक्टरसाब, हा फुगा बसमंदी फुटला तं कंडक्टर मरन काय?"

"नाही चाचा, एवढ्यानं कोणी मरत नाही."

"मंग कायले पोटुशी बाईवानी जपून नेऊन राह्यला?"

सगळी टोळी हसली. बाबाही हसले.

ते ब्लॅडर मांडीवर घेऊन मी अकोल्याहून पॅसेंजरनं बडनेऱ्याला आलो, तिथून अमरावतीला. एसी दुरुस्त झाला होता. पण हवा कोरडी करायला जे दाणे लागतात ते गुलाबी पडले होते. हे दाणे कोरडे असले की निळे असतात, आणि पाणी पिऊन पोट भरलं की गुलाबी होतात. भट्टीत भाजून ते परत निळे करावे लागतात. आणि भट्टी दुसऱ्या इमारतीत होती, तिथं वीज नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती, आणि दाणे भाजण्यात अर्धा दिवस जाणार होता. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं की रविवारी दहाला किराणावाल्याकडून फोन करतो. मी गुलाबी दाण्यांतूनच हवा नळीत सोडली.

आलेखात वाफच वाफ. पण वाफेचे खड्डे मला तोंडपाठ होते. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा मी एकेक करून तपासल्या. कार्बन मोनॉक्साइडचे खड्डे सारख्या अंतरावर येतात, त्यामुळे ते कुठं असायला पाहिजेत हे पक्कं ठाऊक होतं. तिथं काही नव्हतं. दुसरा ब्लॅडर लावला. तेच.

आता जे करायला पाहिजे होतं ते एमएस्सीच्या पोरालाही माहीत असतं. आधी त्याच नळीत मोजूनमापून तो वायू भरायचा आणि पाहायचं, की आपल्या यंत्राला तो मुळात दिसतो का, किती असला म्हणजे दिसतो. त्याला सिलिंडर मागवावं लागलं असतं आणि सरांची सही लागली असती. त्यात महिना गेला असता. आणि मला रविवारी दहाला उत्तर द्यायचं होतं.

फोन आला. मागं किराण्याच्या दुकानाचा गलबला ऐकू येत होता.

"मंग?" बाबा म्हणाले. "उतराव काय दोन घंट्यानं?"

"अजून सांगता येत नाही" एवढंच म्हणायचं होतं. त्यानं बाबांचं काही बिघडलं नसतं. ते रात्रभर थांबतच होते. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "हवा साफ आहे, बाबा. उतरा."

फोन ठेवायच्या आधी त्यांचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हे, दुकानातल्या लोकांसाठी. "माह्या पोरानं मशीनीत पाह्यलं! दोन घंटे बस झाले!" त्या संध्याकाळी मी एकटाच चौकात जाऊन दोन प्लेट गिला वडा खाल्ला. मला वाटलं होतं की त्या दिवशी तरी मी एकटा नाही.

महिना उलटला. बाबांची टोळी दुपारचा बार उडवायला लागली. फोनवर बाबा खूश असायचे. दोन विहिरींना पाणी लागलं होतं. कंदील आता नेतच नाही म्हणाले, कायले उगाच घासलेट जाळायचं. मला ते ऐकून बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

मग सर एकदाचे समितीतून मोकळे झाले आणि माझी वही घेऊन बसले. बाळापूरच्या हवेचं पान आलं. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "तुमच्या यंत्राची मर्यादा काढलीत का? वायू किती असला की दिसतो?" मी म्हणालो, काढायची आहे. ते म्हणाले, मग या आलेखाचा अर्थ काय लावायचा? त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. ते सहज बोलले आणि त्यांनी सिलिंडरच्या अर्जावर सही केली.

सिलिंडर एका बुधवारी संध्याकाळी आलं. दाणे भाजून चांगले निळे केले होते, वीज होती, रात्रभर तापवलेला लेझर शहाण्यासारखा वागत होता. गुरुवारी सकाळी आठ वाजता मी सुरुवात केली. माणसाला चक्कर येईल एवढा वायू नळीत भरला. आलेख सपाट. माणूस मरेल एवढा भरला. सपाट. मला वाटलं झडप बंद राहिली. तपासली, उघडी होती. मग वाढवत गेलो. माणूस कितीदा मेला असता याचा हिशोब राहिला नाही, तेव्हा कुठं एका जागी बारीकसा खळगा पडला. कार्बन मोनॉक्साइड या लहरींना फार कमी गिळतो, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. मी ते वाचलेलंही होतं. मी आंधळ्याला विचारलं होतं, वाट मोकळी आहे का, आणि त्याला कोणी दिसलं नाही म्हणून बाबांना म्हणालो होतो, चला.

मी किराणावाल्याला फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. तो म्हणाला, बाबा कधीचेच वावरात गेले. वावर लांबचं होतं. मी म्हणालो, "कोणाला तरी सायकलवर पाठवा, आत्ता. म्हणा, दुपारी विहिरीत कोणी उतरायचं नाही. माझी चूक झाली म्हणा." तो म्हणाला, "बाप्पा, एवढं काय झालं?" मी त्याच्यावर ओरडलो. त्यानं काय बिघडवलं होतं बिचाऱ्यानं! तो म्हणाला, पाठवतो.

नंतर कळलं, गिऱ्हाइकं होती म्हणून त्यानं तासाभरानं पाठवलं. त्याला मी दोष देत नाही.

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभा होतो तेव्हा मी हातात वही घेऊन आलो होतो, असं माझ्या लक्षात आलं. वही कशाला? कोणाला दाखवणार होतो? गाडी उशिरा आली. अख्खा रस्ता मी खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा स्वतःला सांगत होतो की पहिले बाबा उतरतात, बाबा अनुभवी आहेत, त्यांना कळेल. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, पहिले बाबा उतरतात. समोर एक बाई संत्री सोलून खात होत्या. त्यांनी मला दोन फोडी दिल्या. मी त्या हातात धरून अकोल्यापर्यंत तसाच बसलो.

अकोल्याला बाळापूरची बस मिळाली. बस अर्ध्या वाटेवर असेल, समोरून एक जीप आली, भर उन्हात दिवे लावून, हॉर्न वाजवत. बस बाजूला झाली. जीप खिडकीजवळून गेली तेव्हा मला मागच्या फळीवर बाबा दिसले. बाबा बसलेले होते. जिवंत होते. त्यांच्या मांडीवर कोणाचं तरी डोकं होतं आणि ते त्या तोंडाला दुपट्ट्यानं वारा घालत होते. एका क्षणासाठी मला इतकं हायसं वाटलं की त्याची मला आजही लाज वाटते. मग मी कंडक्टरच्या नावानं ओरडत बस थांबवली.

परत अकोल्याला पोचेपर्यंत चाचा गेले होते. वाटेतच गेले म्हणाले.

काय झालं ते टोळीतल्या माणसांनी सांगितलं. दुपारी बाराला बार उडाला. दोन तास झाले. वावरवाला बाबांना बांधावर घेऊन गेला होता, दगड कुठं टाकायचा ते दाखवायला. चाचा कधी खाली उतरत नसत, त्यांचं काम वरचं. पण ते म्हणाले, "हवा तं पास हाये, कोनाची वाट पाह्याची? मी पाह्यतो किती फुटलं ते." ते उतरले, दगडाच्या ढिगाशी वाकले, चार दगड बाजूला केले आणि खाली बसले. वरून माणसांना वाटलं बिडी पेटवायला बसले. मग ते आडवे झाले. बाबा बांधावरून धावत आले, कमरेला दोर बांधून उतरले, चाचांना बांधून वर पाठवलं आणि स्वतः वर आल्यावर ओकले. किराणावाल्याचा निरोप्या आला तेव्हा चाचांना जीपमध्ये ठेवत होते. त्यानं माझा निरोप सगळ्यांदेखत जसाच्या तसा सांगितला म्हणे, पण त्या गोंधळात एकट्या बाबांनीच तो ऐकला.

पंचनामा झाला. दवाखान्याच्या आवारात पोलीस लिहून घेत होता आणि बाबा उभे राहून सांगत होते. "टोळी माही. कंदील सोडला नाही. पुरा येळ थांबलो नाही. चूक माही हाये, लिहा." मी त्यांच्या मागं उभा होतो. मी पुढं झालो, तोंड उघडलं. बाबांनी मान वळवून माझ्याकडं एकदाच पाहिलं. मी गप्प बसलो. आता इतक्या वर्षांनी बापाच्या नजरेवर कशाला ढकलू! ती नजर मला सोयीची होती म्हणून मी गप्प बसलो. वही अजून माझ्या काखेत होती.

तिसऱ्या दिवशी चाचांच्या घरी जियारतीची प्रार्थना झाली. तिथून निघून बाबा आणि मी नदीच्या काठानं घरी चाललो होतो. पाणी नव्हतंच, नुसते दगड. मी त्यांना सगळं सांगितलं. गुलाबी दाणे, मर्यादा, सपाट आलेख. हेही सांगितलं, की कंदील सोडला असता तरी तो विझला नसता, तो वायू कंदिलाला कळत नाही. तुमची चूक नाही, बाबा, तुम्ही खोटं लिहून दिलं.

ते चालायचे थांबले. "फोनवर बोलला तवा तुले पक्कं ठाऊक होतं काय?"

"नाही."

ते पुढं चालू लागले.

महिन्याभरानं मी चाचींकडं गेलो. बाबांना न सांगता. चाची ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी जमिनीकडं बघत सगळं बोललो, त्यांना समजेल असं. चाची बराच वेळ निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तेरा बाप आके बोला, मेरी गलती. अब तू बोलता, मेरी. तुम दोनो पैले बैठ के तय कर लो. फिर आव. मैं किसको माफ करूं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी आत जाऊन चहा केला आणि मी पिईपर्यंत समोर बसून राहिल्या. मी पुन्हा गेलो नाही. बाबा आणि मी तसे कधी बसलोच नाही.

बाबांची टोळी फुटली. ज्यानं आपल्या दोस्ताला वेळेआधी खाली जाऊ दिलं, त्याच्याबरोबर कोण उतरणार? लोक तोंडावर काही बोलत नसत, कामाला बोलावत नसत, एवढंच. मग बाबा मिळेल त्या कामावर जाऊ लागले. मी मात्र पीएचडी झालो. प्रबंधात यंत्राच्या मर्यादेवर एक अख्खं प्रकरण आहे. परीक्षकांनी त्याच प्रकरणाचं कौतुक केलं, म्हणाले, आपल्या यंत्राला काय दिसत नाही हे इतक्या प्रामाणिकपणे कोणी लिहीत नाही. सर माझ्याकडं पाहून हसले. मी आभार मानले आणि बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

अमरावतीला कॉलेजात नोकरी लागली. लग्न केलं नाही, किंवा झालं नाही, काय म्हणायचं ते म्हणा. बाबांना चला म्हणालो तर ते आले नाहीत. मी दर पंधरा दिवसांनी जायचो. पुढं तळहाताएवढं एक यंत्र बाजारात मिळायला लागलं, विषारी हवा असली की शिटी वाजवणारं. त्यात टेराहर्ट्झ नाही न् काही नाही. मी तशी चार-पाच घेऊन त्या भागातल्या टोळ्यांना दिली, कशी वापरायची ते दाखवलं, आणि शिटी नाही वाजली तरी रात्रभर थांबा म्हणून हात जोडले. एकानं मला विचारलं, तुम्ही कोणाचे? मी बाबांचं नाव सांगितलं. त्यानं यंत्र खाली ठेवलं आणि तो दोर गुंडाळायला लागला.

बाबा माझ्यावर रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ते माझ्याशी नीट बोलायचे. "जेवून घे." "चारची गाडी हाये." "पानी पेऊन जाय." पण मला ते काही विचारत नसत. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं. आधी मला वाटलं, म्हातारपण. मग मी लक्ष ठेवायला लागलो. शेजाऱ्याला ते विचारायचे, पाऊस येईन काय. किराणावाल्याला विचारायचे, तेल काय भाव. मी समोर बसलेला असायचो आणि ते मला कधी आलास, कधी जातोस, एवढंही विचारत नसत. मी मुद्दाम अर्धवट बोलून थांबायचो, की आता तरी "मंग?" म्हणतील. ते नुसतं ऐकून घ्यायचे. अकरा वर्षं असं चाललं.

शेवटी छातीत कफ भरून त्यांना अकोल्याला भरती केलं. बोटाला चिमटा लावला होता, आणि उशाशी रक्तातला प्राणवायू दाखवणारा आकडा लाल रंगात चमकत होता. मी एका बाजूला उभा होतो आणि दुसऱ्या बाजूला सिस्टर सलाईन बदलत होत्या. बाबांनी डोळे उघडले, त्या आकड्याकडं बोट केलं आणि सिस्टरांना विचारलं, "किती हाये वो, बाई?"

सिस्टरांचे हात गुंतले होते. मी वाकून वाचलं आणि म्हणालो, "अठ्ठ्याऐंशी, बाबा."

ते सिस्टरांकडंच पाहत राहिले. सिस्टरांनी सलाईन लावलं, हात पुसले, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "अठ्ठ्याऐंशी आहे, बाबा." मग बाबांनी मान हलवली आणि डोळे मिटले.